गुराख्याची परीक्षा: नेतृत्व शिबिरं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

महाविद्यालयांत, तालुक्याच्या गावी, सुट्टीतल्या निवासी वर्गांत तरुणांसाठी नेतृत्व शिबिरं भरवणाऱ्या संयोजकांना आणि प्रशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शिबिरात मी वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून आलो होतो. हातात गुणपत्रक मिळालं. त्यात 5 रकाने होते: आवाज, देहबोली, आत्मविश्वास, सभाधीटपणा आणि श्रोत्यांवरची पकड. प्रत्येकी 10 गुण. एका मुलाने गावच्या पाणीटंचाईवर असं भाषण केलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकू लागली. मी त्याला 50 पैकी 46 गुण दिले, तो पहिला आला. जेवताना तो माझ्या शेजारी बसला, तेव्हा सहज विचारलं, "तुमच्या गावाला पाणी कुठून येतं रे?" म्हणाला, "टाकीतून, सर." टाकीत कुठून येतं, आठवड्यातून किती दिवस येतं, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल कोण भरतं, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. दोष त्याचा नाही. आपण त्याला ते विचारलंच नव्हतं. बोललेलं खरं आहे का, बोलणाऱ्याला विषय कळतो का, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. आणि त्या कागदाखाली सही माझी होती.

त्याच सभागृहात, व्यासपीठामागच्या पडद्यावर सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांची चित्रं होती. मी 30 वर्षं कला शाखेच्या मुलांना ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं आहे. त्या तिघांनी आयुष्यभर ज्या गोष्टीशी वाद घातला, नेमकी तीच त्या गुणपत्रकात मोजली जात होती. हे मी तिथेच उभं राहून सांगायला हवं होतं. तेव्हा राहिलं, म्हणून आता लिहितो आहे.

पडद्यावर प्लेटोच्या नावाने एक वाक्य होतं: राजकारणापासून दूर राहाल, तर नालायकांच्या हाताखाली राहण्याची शिक्षा भोगाल. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. या अर्थाचं वाक्य प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादरूप ग्रंथाच्या पहिल्या भागात आहे, पण तिथे ते कशासाठी आलं आहे ते पाहा. त्यात प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस म्हणतो, चांगली माणसं पैशासाठीही सत्ता घेत नाहीत आणि मानासाठीही नाही. मग ती पुढे का येतात? आपण नाही म्हटलं तर आपल्याहून वाईट माणूस राज्य करील, ही शिक्षा टाळण्यासाठी. आणि लगेच पुढे तो म्हणतो की, सगळी माणसं चांगली असलेलं नगर कुठे असलंच, तर तिथे सत्ता मिळवण्यासाठी नव्हे, सत्ता टाळण्यासाठी चुरस लागेल. तुम्ही ते वाक्य मुलांना पुढे ढकलण्यासाठी वापरलंत. मुळात ते पुढे येऊ पाहणाऱ्याचा हेतू तपासण्यासाठी आहे.

ते वाक्य सॉक्रेटिस ज्याला सांगतो त्याचं नाव ग्लॉकॉन, प्लेटोचा सख्खा भाऊ. या ग्लॉकॉनची आणखी एक गोष्ट सॉक्रेटिसच्या सहवासातल्या झेनोफन या लेखकाने सॉक्रेटिसच्या आठवणींमध्ये लिहून ठेवली आहे. तुमच्या प्रत्येक शिबिराची सुरुवात तिच्यापासून व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

ग्लॉकॉनला अजून विसावं वर्षही लागलेलं नव्हतं. त्याला अथेन्स या ग्रीक नगराचा पुढारी व्हायचं होतं. नागरिकांच्या सभेत बोलायला उभा राहायचा, लोक हसायचे, त्याला व्यासपीठावरून खाली ओढायचे, तरी हा ऐकेना. घरच्यांचं, मित्रांचं, कुणाचंच ऐकेना. सॉक्रेटिसने त्याला वाटेत गाठलं. आधी कौतुक केलं: नगराचं नेतृत्व करायचं म्हणतोस, केवढी मोठी गोष्ट! तुझं नाव होईल, घराण्याचं नाव होईल. पोरगा खुलला. मग सॉक्रेटिस म्हणाला, तर मग सांग, नगराचं भलं कुठून सुरू करशील? उत्पन्न वाढवशील ना? सध्या उत्पन्न कशाकशातून येतं आणि किती? ग्लॉकॉनने ते पाहिलं नव्हतं. बरं, खर्च? तोही नाही. शत्रूचं सैन्य किती, आपलं किती? तोंडपाठ सांगता येणार नाही म्हणाला. लिहून ठेवलं असेल तर आण. लिहिलेलंही नव्हतं. सरहद्दीवरच्या चौक्या? त्या सगळ्या काढून टाकाव्यात असं त्याचं मत होतं, पण स्वतः जाऊन पाहिल्या होत्या का? नाही. चांदीच्या खाणींचं उत्पन्न का घटलं? तिथेही तो गेला नव्हता. तिथली हवा वाईट आहे असं लोक म्हणतात, ही सबब सॉक्रेटिसनेच त्याच्या तोंडात ठेवली. देशात पिकणारं धान्य नगराला किती दिवस पुरतं? हे तर फारच मोठं काम झालं, म्हणाला ग्लॉकॉन.

मग सॉक्रेटिस म्हणाला, नगरात 10,000 हून जास्त घरं आहेत. एवढ्या सगळ्यांची काळजी एकदम वाहणं अवघड. आधी एका घराचा भार उचलून बघ. तुझ्या मामाच्या घराला मदतीची गरज आहेच. ग्लॉकॉन म्हणाला, केली असती, पण मामा माझं ऐकत नाही. यावर सॉक्रेटिसने विचारलं की, एका मामाचं मन वळवता येत नाही, आणि मामा धरून सगळ्या अथेन्सचं वळवता येईल असं तुला वाटतं?

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं मोकळी हसायची आणि मग गप्प व्हायची. त्यात ग्लॉकॉनचा अपमान नाही. भर सभेत लोक त्याला हसले, सॉक्रेटिसने मात्र त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याच्या एकाही प्रश्नाचा आवाजाशी, उभं राहण्याच्या ढबीशी किंवा आत्मविश्वासाशी संबंध नाही. आत्मविश्वास ग्लॉकॉनपाशी भरपूर होता. धान्याचा हिशेब नव्हता.

तुम्ही करता ते काम नवं नाही, आणि वाईटही नाही. इ. स. पू. 427 मध्ये सिसिलीतल्या लिओन्टिनी नगराचा दूत म्हणून गॉर्जियस हा वक्ता अथेन्सला आला, आणि त्याच्या भाषणांनी नगर भारून गेलं. तरुण पैसे मोजून त्याच्यासारख्यांकडे शिकू लागले. जिथे सभेतल्या मतावर युद्ध ठरतं आणि माणसाचा जीवही ठरतो, तिथे बोलता येणं ही गरजच होती. प्लेटोने त्याच्या नावाने लिहिलेल्या संवादात गॉर्जियस अभिमानाने सांगतो की, वैद्य असलेल्या माझ्या भावाबरोबर मी रोग्यांकडे जातो. वैद्याच्या सांगण्याने जो औषध घेत नाही, तो माझ्या बोलण्याने घेतो. इथवर कुणाची तक्रार नसावी. पण तो पुढे म्हणतो की, नगराला वैद्य नेमायचा असेल आणि सभेत वैद्य आणि वक्ता समोरासमोर उभे राहिले, तर निवड वक्त्याची होईल. हे ऐकून सॉक्रेटिस थांबतो. म्हणजे न जाणणाऱ्यांपुढे, न जाणणारा माणूस जाणत्यापेक्षा जाणता ठरतो? पुढे त्याच संवादात तो एक चित्र उभं करतो: न्यायाधीश म्हणून लहान मुलं बसली आहेत, आरोपी वैद्य आहे आणि आरोप करणारा आचारी. हा तुम्हाला कडू काढे पाजतो, उपाशी ठेवतो, मी बघा किती गोडधोड खाऊ घालतो! वैद्य बिचारा काय सांगणार? लोकांना जे गोड लागतं ते देणं आणि जे हिताचं आहे ते देणं, यांतला भेद इतक्या साध्या रीतीने दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही.

मग खरा पुढारी ओळखायचा कसा? भाषणावरून नाही, मान्य. पण कशावरून? प्लेटोचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: तत्त्वज्ञ राजा. मला ते उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. झेनोफनने सॉक्रेटिसच्या तोंडचं एक वाक्य जपून ठेवलं आहे, माझ्या मते त्यातली कसोटी अधिक पक्की आहे. तिचा प्रसंगही कळायला हवा.

इ. स. पू. 404 मध्ये अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलं आणि नगरात 30 जणांची जुलमी सत्ता बसली. त्यांचा म्होरक्या क्रिटियास. या लोकांनी काही महिन्यांत निदान 1,500 माणसं मारली, असं ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात नोंदलं आहे. त्या दिवसांत सॉक्रेटिस म्हणाला: एखाद्या गुराख्याच्या हाती दिलेली गुरं कमी होत गेली, खंगत गेली, आणि तरी आपण वाईट गुराखी आहोत हे तो कबूल करीत नसेल, तर नवल आहे. त्याहून नवल त्या पुढाऱ्याचं, ज्याच्या हाताखाली नागरिक कमी होत जातात, बिघडत जातात, आणि तरी त्याला लाज वाटत नाही.

हे वाक्य क्रिटियासच्या कानावर गेलं. त्याने आणि त्याचा साथीदार खॅरिक्लीस याने सॉक्रेटिसला बोलावून घेतलं आणि तरुणांशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली. सॉक्रेटिसने शांतपणे विचारलं, तरुण म्हणजे कितव्या वर्षापर्यंत? तिशीच्या आतल्या कुणाशीही नाही, म्हणाले. बाजारात काही विकत घेताना दुकानदार तिशीच्या आतला असला, तर भाव विचारू की नको? शेवटी खॅरिक्लीस म्हणाला, गुराख्यांबद्दल बोलणंही बंद कर, नाहीतर तुझ्यामुळेही कळपातलं एक जनावर कमी होईल.

कसोटी मिळाली ती इथे. पुढाऱ्याकडे बघू नका, त्याच्या हाताखालच्या माणसांकडे बघा. ती वाढली का, शहाणी झाली का, एकमेकांशी नीट वागू लागली का, की भित्री, भांडखोर आणि लाचार झाली? आणि दुसरी खूण त्याच प्रसंगात आहे: हा प्रश्न विचारला की खोटा पुढारी उत्तर देत नाही, तो विचारणाऱ्याचं तोंड बंद करतो.

हीच कसोटी प्लेटोने अथेन्सचा नामवंत पुढारी पेरिक्लीस याला लावली आणि त्याला नापास केलं. त्याच्या हाती आले तेव्हा अथेन्सचे लोक बरे होते, शेवटी ते इतके बिथरले की त्यांनी पेरिक्लीसवरच चोरीचा ठपका ठेवला. मग तो कसला राखणदार? इथे मी प्लेटोबरोबर नाही. इतिहासकार थुसिडिडीसने पेरिक्लीसचा काळ स्वतः पाहिला होता. तो सांगतो की पेरिक्लीस लोकांना खूश करायला बोलत नसे, लोक उगाच चढले की तो त्यांना खाली आणी, उगाच घाबरले की धीर देई. त्याच्यामागून आलेले मात्र पहिला नंबर मिळवण्याच्या चढाओढीत राज्यकारभार लोकांच्या लहरीवर सोडून बसले. इ. स. पू. 430 मध्ये लोकांनी त्याला दंड केला, आणि थोड्याच काळात पुन्हा सेनापती निवडलं. दंड सोसून तो पुन्हा त्याच लोकांसाठी उभा राहिला. मला यात त्याचं अपयश दिसत नाही. ज्याला लोक दंड करू शकतात तोच लोकांचा पुढारी, असं मी यातून शिकलो.

कारण अथेन्समध्ये हे सगळं कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. अधिकारपदावर येण्याआधी माणसाची छाननी होई. वरिष्ठ अधिकाऱ्यांना तर विचारत: आई-वडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? लढाईवर गेला होतास का? आणि मग सगळ्यांना: याच्याविरुद्ध कुणाला काही म्हणायचं आहे? सेनापती नीट काम करतात का, यावर वर्षातून 10 वेळा मत घेतलं जाई. पद सोडताना पैशाचा आणि कामाचा हिशेब द्यावा लागे, आणि तो पुरा होईपर्यंत देश सोडून जाता येत नसे. तुमच्या शिबिरात पद कसं मिळवावं यावर एक सत्र होतं. पद सोडताना हिशेब कसा द्यावा यावर अर्धा तासही नव्हता.

सॉक्रेटिस स्वतः पुढारी नव्हता, पण त्याच्या आयुष्यातले दोन दिवस मी नेतृत्वाचे म्हणूनच शिकवत आलो. इ. स. पू. 406 मध्ये आर्गिनुसाईच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकलं. पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वाचवता आलं नाही. नगर संतापलं. 8 सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात करायचा प्रस्ताव आला, जो कायद्याविरुद्ध होता. कुणी विरोध केला तर लोक ओरडत, जनतेला हवं ते करू न देणं हे भयंकर आहे! त्या दिवशी सभेचं कामकाज चालवणाऱ्या गटात सॉक्रेटिस होता. धमक्या आल्या तसे बाकीचे नमले. तो एकटा नाही म्हणाला. उपयोग झाला नाही. हाती लागलेल्या 6 जणांना मृत्युदंड झाला, त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. पुढे अथेन्सने पश्चात्ताप केला, पण गेलेले परत आले नाहीत. दुसरा दिवस त्या 30 जणांच्या राजवटीतला. सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना हुकूम झाला: सालामिस बेटावरून लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणा, त्याला मारायचं आहे. चौघे गेले. सॉक्रेटिस उठला आणि घरी गेला.

एकदा समोर खवळलेली जनता होती, एकदा खुनशी सत्ता. दोन्ही वेळा हाच माणूस, तोच नकार. दोन्ही वेळा तो हरला. तुमच्या पडद्यावर यशस्वी नेत्याच्या लक्षणांची यादी होती, तिच्यात हा माणूस कुठेच बसत नाही.

आता जी गोष्ट माझ्या बाजूची नाही, तीही सांगतो. क्रिटियास सॉक्रेटिसच्याच सहवासात वावरलेला होता. तो प्लेटोचा नातेवाईक होता. खार्मिडीस हा प्लेटोचा मामा. तो लाजाळू होता, सभेत बोलायला कचरायचा. सॉक्रेटिसने त्यालाही सांगितलं, पण ग्लॉकॉनच्या उलट: कुणाला भितोस? सभेत चांभार, सुतार, लोहार, शेतकरी, दुकानदारच तर बसतात. तुझ्यात गुण आहेत, पुढे हो. तो पुढे झाला, आणि त्या जुलमी राजवटीतर्फे पिराईयस बंदरावर नेमलेल्या 10 जणांपैकी एक बनून इ. स. पू. 403 च्या लढाईत मेला. सॉक्रेटिसचा लाडका अल्किबायडीस अथेन्स सोडून शत्रूला जाऊन मिळाला. प्लेटोच्या एका संवादात तो कबूल करतो की सॉक्रेटिसपुढे आपल्याला आपली लाज वाटते, म्हणून कान झाकून पळतो; लोकांच्या टाळ्या मिळाल्या की सगळं विसरतो. स्वतः प्लेटो 3 वेळा सिसिलीत सिराक्यूजला गेला. तिथल्या तरुण राजा डायोनिसियसला भूमितीची इतकी गोडी लागली की आकृत्या काढायच्या धुळीने राजवाडा भरून गेला, असं प्लुटार्क हा चरित्रकार लिहितो. राज्यकारभार काही सुधारला नाही. प्लेटोचा मित्र डिऑन तिथेच, आपल्या माणसांच्या कटात मारला गेला.

तेव्हा तत्त्वज्ञान शिकवलं की चांगले नेते तयार होतात, असा दावा मी करणार नाही. उत्तम गुरू मिळूनही माणूस क्रिटियास होऊ शकतो. म्हणूनच मला या बाबतीत ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो. त्याची गुलामगिरीची तरफदारी मी कधी मान्य केली नाही, आणि ज्या सभेचं मी एवढं कौतुक करतो तिच्यात बायकांना, गुलामांना जागा नव्हती, हेही दर वर्षी वर्गात सांगितलं. पण त्याने एक गोष्ट अचूक पकडली. राज्यकर्त्याचा निवाडा फक्त जाणकारांनी करावा, या प्लेटोच्या वळणाच्या म्हणण्याला तो उत्तर देतो: घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, आणि जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा जेवणारा चांगलं सांगतो. आणि ज्याने दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं नाही त्याला चांगला अधिकारी होता येत नाही, हे जुनं म्हणणंही तो मान्य करतो. जुलमी राजे सत्ता टिकवायला काय करतात, तेही त्याने लिहून ठेवलं आहे: उठून दिसणाऱ्यांना छाटतात, लोकांना एकत्र जेवू-बसू देत नाहीत, हेर पेरतात, मित्रांत भांडणं लावतात, सतत युद्ध चालू ठेवतात म्हणजे लोकांना फुरसत मिळत नाही आणि पुढारी लागतोच. ही यादी मुलांना जरूर द्या. नेता व्हायला नाही, नेता ओळखायला.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. वक्तृत्व बंद करा असं मी म्हणत नाही. वैद्यालाही बोलता यायलाच हवं. गुणपत्रकात दोन रकाने वाढवा: बोललेलं खरं होतं का, आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तर दिलं का. भाषण 5 मिनिटांचं असेल तर प्रश्न 10 मिनिटांचे ठेवा, आणि ते इतर मुलांना विचारू द्या. पहिल्या दिवशी भाषणाऐवजी प्रत्येकाला ग्लॉकॉनचे प्रश्न घेऊन आपापल्या गावात, वॉर्डात पाठवा: ग्रामपंचायतीचं उत्पन्न किती, खर्च कशावर, पाणी कुठून येतं, रेशनचं धान्य कधी येतं आणि कुणाला मिळत नाही. गटनेता रोज बदला, आणि दिवस संपताना गटातल्या मुलांना विचारा की आज तुम्हाला काय करता आलं, जे काल येत नव्हतं. नेत्याचे गुण त्या उत्तरांवरून द्या.

त्या मुलाचा परवा फोन आला होता. तो विहिरीवर जाऊन आला, मोटारीची बिलं ग्रामसेवकाकडून पाहून आला. आता त्याला त्याच विषयावर पुन्हा बोलायचं आहे, पण म्हणाला, "सर, या वेळी ते तेवढं जोरात येणार नाही." पुढच्या शिबिरात त्याला वेळ द्या. ग्लॉकॉनचे प्रश्न घ्यायला मीही येईन, मानधन नको. तारीख तेवढी आधी कळवा.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक